हास्यवायू, रिले आणि खानदेशचा मे महिना

नायट्रस ऑक्साइड हा वायू आजवर मुख्यतः दोन प्रकारच्या लोकांच्या उपयोगी पडला आहे. एक, दंतवैद्यापुढे तोंड उघडून बसलेले, आणि दुसरे, आपली गाडी पुरेशा वेगाने पळत असूनही ती पळत नाही अशी ज्यांची खात्री झालेली असते ते. पहिल्या वर्गाचा इतिहास जुना आहे. जोसेफ प्रीस्टले याने १७७२ मध्ये हा वायू तयार केला, हम्फ्री डेव्ही याने १७९९ पासून ब्रिस्टॉल येथे तो स्वतः हुंगला व मित्रमंडळींनाही हुंगवला, त्या प्रयोगांत जो हशा पिकला त्यावरून तो हास्यवायू म्हणून ओळखला जाऊ लागला, आणि १८४४ मध्ये होरेस वेल्स या अमेरिकी दंतवैद्याने तो घेऊन स्वतःचीच दाढ उपटवून घेतली. दुसऱ्या वर्गाचा इतिहास दुसऱ्या महायुद्धापासून धरावा लागतो, कारण विरळ हवेत दम तुटणाऱ्या जर्मन विमानांच्या इंजिनांना त्या काळी हाच वायू पाजला जात असे. २००१ मध्ये ‘द फास्ट अँड द फ्युरियस’ हा चित्रपट आला, त्यातील बाटल्या आणि बटणे जगभरच्या तरुणांनी पाहिली, आणि जळगावच्या एमएच १९ व धुळ्याच्या एमएच १८ या पाट्यांमागे बसणारे तरुणही, निदान मनाने, त्या पंथात दाखल झाले.

या वायूचे इंजिनातील कार्य समजून घेण्यास फारशी विद्वत्ता लागत नाही. इंजिनात जादा पेट्रोल ओतणे कोणालाही जमते. ते जाळण्यासाठी जादा प्राणवायू कोठून आणावा हा खरा प्रश्न असतो. हवेत वजनाने सुमारे २३ टक्के प्राणवायू असतो, तर नायट्रस ऑक्साइडमध्ये तो सुमारे ३६ टक्के असतो आणि सिलिंडरातील उष्णतेत रेणू फुटला की तो मोकळा होतो. शिवाय बाटलीत द्रवरूपाने दाबून ठेवलेला हा पदार्थ बाहेर पडताच उणे ८८ अंशांपर्यंत थंड होतो, त्यामुळे आत जाणारी हवाही गार व दाट होते आणि एकाच झटक्यात पन्नास-शंभर अश्वशक्तींची भर पडते. ही भर काही सेकंदांपुरतीच असते, ही बाब विकणारा हळू आवाजात सांगतो. मोटारींसाठी विकल्या जाणाऱ्या या वायूत किंचित सल्फर डाय-ऑक्साइड मिसळलेला असतो, जेणेकरून कोणी तो हुंगण्याचा प्रयत्न केल्यास हसण्याऐवजी खोकावे. म्हणजे हास्यवायूतून हास्य काढून घेण्याची व्यवस्था उत्पादकानेच केलेली आहे, आणि पुढील वायरिंगचा विचार करता ती योग्यच म्हटली पाहिजे.

नायट्रसची जोडणी म्हणजे मूलतः दोन सोलेनॉइडांना बारा व्होल्टचा पुरवठा पोहोचवणे. सोलेनॉइड म्हणजे विजेच्या चुंबकाने उघडणारी झडप; एक नायट्रसची, दुसरी त्याच्या जोडीला लागणाऱ्या जादा पेट्रोलची. एक बॅटरी, दोन तारा आणि एक बटण एवढ्यावर हे काम होऊ शकते, आणि ते तसे होऊ शकते म्हणूनच ते तसे करू नये, असे जाणकार पुन्हा पुन्हा बजावतात. उरलेली सारी वायरिंग झडप उघडण्यासाठी नसते. ती झडप न उघडण्यासाठी असते. डॅशबोर्डवरील मुख्य स्विच दाबल्याने वायू सुटत नाही, त्याला सुटण्याची केवळ पात्रता प्राप्त होते. त्यानंतर थ्रॉटलपाशी बसवलेला मायक्रोस्विच अ‍ॅक्सिलरेटर तळाला टेकल्याखेरीज होकार देत नाही, कारण अर्धवट उघड्या थ्रॉटलवर नायट्रस सोडल्यास तो इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे हवा आत नेणाऱ्या नळ्यांच्या जुडग्यात, साचून तेथेच पेट घेण्याचा धोका असतो. पुढे विंडो स्विच येतो; इंजिनाचे फेरे मिनिटाला साधारण तीन हजारांच्या वर गेल्यावर तो परवानगी देतो आणि कमाल मर्यादेच्या दोन-तीनशे फेरे अलीकडे ती काढून घेतो. शेवटी इंधनदाबाचा स्विच असतो, जो पेट्रोलचा दाब पडताच सगळा कारभार बंद पाडतो. हे सर्व एकाच ओळीत जोडलेले असतात, त्यामुळे एकाने जरी नकार दिला तरी इतरांच्या होकाराला काही किंमत उरत नाही.

या सर्वांचा एकत्रित होकार मिळाल्यावरही सोलेनॉइडला लागणारा जबर प्रवाह त्या नाजूक स्विचांतून जाऊ देता येत नाही, म्हणून मध्ये रिले घालतात. रिले म्हणजे लहान प्रवाहाच्या इशाऱ्यावर मोठा प्रवाह चालू करणारी डबी. तिच्या पायांवर ३०, ८५, ८६ आणि ८७ असे आकडे छापलेले असतात. ते जर्मन मानकातून आलेले असून, मधल्या आकड्यांचे काय झाले हा प्रश्न गॅरेजमधील प्रत्येक नव्या पोऱ्याला पडतो आणि उस्तादाच्या मते तो पडणे हेच कामात लक्ष नसल्याचे लक्षण होय. ३० ला फ्यूजमार्गे बॅटरी, ८७ ला सोलेनॉइड, ८५ ला अर्थ आणि ८६ ला वरील सर्व स्विचांची साखळी, इतका सरळ हा हिशेब आहे. त्यात गडबड होते ती बहुधा अर्थची, कारण रंग न खरवडता बोल्टखाली घातलेली तार अर्थ झाल्यासारखी दिसते, पण होत नाही.

साध्या जोडणीत वायू एकदम पूर्ण सुटतो आणि चाके जागच्या जागी गरगरतात, म्हणून प्रोग्रेसिव्ह कंट्रोलर नावाचा खोका अस्तित्वात आला. हा खोका सोलेनॉइडची सेकंदाला दहा-वीस वेळा उघडझाप करतो आणि उघडे राहण्याचा काळ दोन-तीन सेकंदांत हळूहळू वाढवत नेतो, म्हणजे आरंभी तीस टक्के, मग पन्नास, मग शंभर. साधा रिले इतकी टकटक सोसू शकत नाही, त्याचे पॉइंट जळतात. म्हणून येथे हलता भाग नसलेला सॉलिड स्टेट रिले घ्यावा लागतो, जो महाग असतो आणि टक् असा आवाज करत नसल्यामुळे अनेक वायरमनांना तो चालू आहे यावर विश्वासच बसत नाही. कंट्रोलरचे महत्त्व जळगावकरांना समजावण्यासाठी कार्तिकी एकादशीचा श्रीराम रथोत्सव पुरेसा आहे. तेथे रथ ओढणारे हात असंख्य असतात, जोर कमी पडल्याची तक्रार कधी ऐकू येत नाही. पण अरुंद रस्त्याच्या वळणावर रथ थांबतो व वळतो तो चाकाखाली नेमक्या क्षणी लाकडी मोगरी सारणाऱ्या मोजक्या माणसांमुळे, आणि त्यांनी क्षणभर मागेपुढे केले असता काय होईल याची कल्पना ओढणाऱ्यांना नसली तरी ओट्यावर उभ्या असलेल्यांना असते.

आता खानदेशात नायट्रसची अशी जोडणी कितपत रुजेल हा प्रश्न उपस्थित होतो, आणि त्याचे उत्तर गाड्यांत न शोधता शेतात शोधणे अधिक फलदायी ठरते. रावेर, यावल, मुक्ताईनगर या केळीच्या पट्ट्यात विहिरीवरची किंवा बोअरची मोटार हेच खरे उच्चशक्तीचे यंत्र होय आणि स्टार्टरची पेटी हाच तिचा कंट्रोलर. मोठी मोटार थेट सुरू केल्यास ती पहिल्या क्षणी नेहमीच्या सहा-सात पट प्रवाह खेचते. तसे होऊ नये म्हणून स्टार-डेल्टा स्टार्टर वापरतात, जो आधी मोटारीची वेटोळी ‘स्टार’ पद्धतीने जोडून प्रवाह एक तृतीयांशावर आणतो आणि मोटार वेगात आल्यावर ‘डेल्टा’वर टाकतो. म्हणजे शक्ती हप्त्याहप्त्याने देण्याचे तत्त्व अमेरिकेतून यायची गरज नव्हती. ते निंबाच्या झाडाला ठोकलेल्या पत्र्याच्या पेटीत केव्हापासूनच नांदत आहे. पेटीत ओव्हरलोड रिले असतो, जो मोटार तापू लागली की बंद पाडतो. सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर असतो, जो तीनपैकी एक फेज गेली की मोटार चालू देत नाही. आणि बहुतेक वेळा एक पालही असते, जी कॉन्टॅक्टरच्या दोन पट्ट्यांत सापडून स्वतःचे आणि मोटारीचे असे दोघांचे जीवन संपवते. तिच्याविरुद्ध मात्र अद्याप कोणताही रिले निघालेला नाही.

महावितरण शेतीला तीन फेजची वीज अष्टौप्रहर देत नाही. ती आलटून-पालटून कधी दिवसा, कधी रात्री काही तास मिळते. रात्रीच्या पाळीत शेतकरी बॅटरीच्या उजेडात साप-किरडू चुकवत बांधावरून पेटीपर्यंत पोहोचतो, हिरवे बटण दाबतो आणि मोटार हूं की चूं करत नाही, कारण एक फेज आलेलीच नसते. अशा वेळी सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर हे उपकरण आपल्या मोटारीचे प्राण वाचवत आहे ही गोष्ट त्याला पटणे कठीण असते. त्याला दिसते ते एवढेच की केळी उपाशी आहे आणि एक चौकोनी डबी आडवी आली आहे. मग डबी काढली जाते, तिच्या दोन तारा एकत्र पिळल्या जातात, त्यावर काळी टेप गुंडाळली जाते, आणि गेलेल्या फेजची उणीव कंडेन्सर लावून भरून काढली जाते. याला डायरेक्ट करणे म्हणतात. याच्या जोडीला ऑटोस्विच असतो, जो वीज येताच मोटार आपोआप सुरू करतो, मालक घरी निवांत झोपलेला असला तरी. ही सोय इतकी लोकप्रिय आहे की वीज येताच डीपीवरच्या, म्हणजे एका रोहित्रावरच्या, सगळ्या मोटारी एकाच क्षणी जाग्या होतात आणि पुष्कळदा त्याच क्षणी डीपी कायमची झोपते. ऑटोस्विच काढा आणि कॅपॅसिटर बसवा, असे आवाहन महावितरण वर्षानुवर्षे करीत आले आहे. कॅपॅसिटर आणि कंडेन्सर ही एकाच वस्तूची नावे असल्याने या आवाहनाचा उत्तरार्ध आपण आधीच पाळला आहे, अशी पुष्कळांची प्रामाणिक समजूत असते.

यातून खानदेशी वायरिंगकलेचे जे वैशिष्ट्य समोर येते ते असे की, नायट्रसच्या कंट्रोलरमध्ये नकार देणारी साधने वाढवत नेणे ही प्रगती समजली जाते, तर येथे ती कमी करत नेणे हे कौशल्य मानले जाते. ज्याला जास्तीत जास्त गोष्टी डायरेक्ट करता येतात तो जास्तीत जास्त मोठा कारागीर. या कौशल्याला हसणे सोपे आहे, पण ज्या प्रदेशात बाग वाचवायची की मोटार असा प्रश्न रात्री दीड वाजता सोडवावा लागतो तेथे ते अपरिहार्यपणे वाढीस लागते, हेही नमूद केले पाहिजे. जळगावच्या अजिंठा चौफुलीपासून धुळ्याच्या पारोळा रोडपर्यंतच्या कोणत्याही ऑटो इलेक्ट्रिशियनकडे हेच शास्त्र मोटारगाड्यांच्या अंगाने विकसित झालेले आढळते. त्याची साधने मोजकी असतात: एक टेस्ट लॅम्प, म्हणजे दोन तारांना जोडलेला बल्ब, ज्याचे एक टोक बॉडीला लावून दुसऱ्या टोकाने करंट शोधला जातो, एक पकड, टेपचे एक रीळ, आणि तारेचे आवरण सोलण्यासाठी स्वतःचे दात. वायरिंग डायग्राम नावाचा कागद कंपनी छापते असे त्याच्या कानावर असते. रंगांचे नियम त्याला ठाऊक असतात, मात्र दुकानात ज्या रंगाची तार शिल्लक असेल तो त्या दिवसाचा नियम असतो, त्यामुळे सहा महिन्यांनी तीच गाडी दुसऱ्या कारागिराकडे गेली की तो बोनेट उघडून प्रथम शांतपणे विचारतो, ‘हाई कोनी करेल शे?’ आणि उत्तराची वाट न पाहता सगळे तोडायला घेतो.

अशा कारागिराच्या हाती नायट्रसचा कंट्रोलर पडला असता काय घडेल हे सांगण्यास भविष्यवेत्ता लागत नाही. पहिल्या दिवशी सर्व जोडणी पुस्तकाबरहुकूम होईल. दुसऱ्या दिवशी मालक तक्रार करील की बटण दाबले तरी काही होत नाही. त्याला अ‍ॅक्सिलरेटर तळाला लावायची जागाच मिळालेली नसते, त्यामुळे मायक्रोस्विच आपले काम चोख बजावत असतो. उस्ताद टेस्ट लॅम्प लावून पाहील, मायक्रोस्विचपाशी करंट अडला आहे असे निदान करील आणि म्हणेल, ‘डायरेक्ट करी देस भाऊ, काही टेन्शन लेवानं नही.’ तिसऱ्या दिवशी विंडो स्विच, चौथ्या दिवशी इंधनदाबाचा स्विच, असे करत आठवड्याच्या आत ती जोडणी आपल्या मूळ शुद्ध स्वरूपाला, म्हणजे एक बॅटरी, दोन तारा व एक बटण यांना, येऊन पोहोचेल.

याहून मोठा अडथळा हवामानाचा आहे, आणि तो कोणालाही डायरेक्ट करता येत नाही. नायट्रसच्या बाटलीतील दाब साधारण ९०० ते १,००० पौंड प्रति चौरस इंच असावा अशी अपेक्षा असते, आणि तो दाब वायूचे तापमान तीस अंश सेल्सिअसच्या थोडे वरखाली असताना मिळतो. थंड देशांत तो मिळत नाही म्हणून तेथील शौकीन बाटलीला विजेची शेगडी गुंडाळतात, तिला बॉटल हीटर म्हणतात, आणि कंट्रोलरच्या वायरिंगमध्ये त्या हीटरसाठीही एक रिले, एक फ्यूज व एक दाबमापक स्विच राखून ठेवलेला असतो. खानदेशात हा खर्च पूर्णपणे वाचतो. किंबहुना येथे मे महिन्यात बाटलीला हीटर लावणे म्हणजे भुसावळच्या फलाटावर उभ्या असलेल्या माणसाला घोंगडी देऊ करणे होय. अडचण पुढे सुरू होते. प्रत्येक वायूला एक क्रांतिक तापमान असते, म्हणजे ज्याच्या वर तो कितीही दाबला तरी द्रवरूप होत नाही असे तापमान. नायट्रस ऑक्साइडचे क्रांतिक तापमान ३६.४ अंश सेल्सिअस आहे. जळगावचा पारा उन्हाळ्यात ४५ अंशांपर्यंत जातो आणि काचा बंद करून उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डिकीत तर किती असतो हे मोजायला आजवर कोणी आत बसलेले नाही. तेथे ठेवलेल्या बाटलीत द्रव आणि वायू हा भेदच नाहीसा होतो, दाब मर्यादेबाहेर चढतो, आणि ज्या सूक्ष्म छिद्रांतून, म्हणजे जेटमधून, मोजूनमापून नायट्रस सोडायचा त्यांचे सगळे गणित चुकते. बाटलीला एक सुरक्षा-चकती असते, जी दाब असह्य झाल्यास फुटून सगळा वायू बाहेर सोडते. म्हणजे दुपारी दोन वाजता गाडीमालक पन्ह्याचा दुसरा पेला घेत असताना डिकीतील अश्वशक्ती मोठा आवाज करून आपापल्या घरी निघून जाते. उलट हिवाळ्यात, वांग्याच्या भरिताच्या दिवसांत, पहाटेचा पारा दहा अंशांवर उतरला की दाब बराच खाली येतो आणि मग तोच टाळलेला हीटर हवासा वाटू लागतो. बाटलीला मानवेल असे तापमान खानदेशात मे महिन्यात पहाटे थोडा वेळ भेटून जाते. त्या वेळी ज्यांना शर्यत लावायची आहे त्यांनी ती अवश्य लावावी, परंतु त्याच वेळी रस्त्यावर केळीचे ट्रकही निघालेले असतात.

रस्त्याचा मुद्दा यातूनच येतो. धुळे हे मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर या दोन महामार्गांच्या छेदावर वसलेले शहर असून, अ‍ॅक्सिलरेटर तळाला, फेरे तीन हजारांच्या वर आणि समोर चारशे मीटर मोकळा रस्ता, या तिन्ही अटी एकाच वेळी पूर्ण होण्याचा योग तेथे क्वचितच येतो. तो येतो तेव्हा नेमकी कापसाची ट्रॉली, दिवा न लावता, उलट बाजूने येत असते. परदेशात ही हौस ड्रॅग शर्यतीत भागवतात. पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, सरळ रेषेत कोण आधी पोहोचतो एवढाच तिचा नियम. महाराष्ट्रात लोणावळ्याजवळच्या अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘व्हॅली रन’ नावाने अशा शर्यती झाल्या आहेत. धुळ्याजवळ गोंदूरला धावपट्टी आहे, जळगावला विमानतळ आहे; दोन्हींवरून अधूनमधून विमानेही उडतात, त्यामुळे तूर्त तेथे मोटारींचा विचार करता येत नाही.

कायद्याची बाजू तर निःसंदिग्ध आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलात मालकाला मनमानी बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तसाच निर्णय दिला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड अथवा दोन्ही अशी तरतूद केली. ‘प्रत्येक बदलामागे’ हे शब्द नायट्रसवाल्याने नीट वाचण्यासारखे आहेत, कारण बाटली, दोन सोलेनॉइड, दोन रिले, चार स्विच आणि एक कंट्रोलर यांना एकच बदल समजायचे की दहा, याचा निर्णय रस्त्यावर उभा असलेला अधिकारी घेणार असतो. उच्च दाबाच्या सिलिंडरांचे नियम वेगळेच असून त्यांचा कारभार नागपूरच्या पेसो या केंद्रीय कार्यालयातून चालतो.

गंमत अशी की कायद्याने, हवामानाने आणि रस्त्यांनी एकमुखाने नाकारलेला हा वायू खानदेशात दररोज, विनापरवाना आणि विनाबाटली तयार होतच असतो. केळीला ठिबकमधून युरिया दिला जातो, त्यातील नत्राचा काही अंश मातीतील जिवाणू नायट्रस ऑक्साइडमध्ये रूपांतरित करतात, आणि तो वायू कोणत्याही सोलेनॉइडची परवानगी न घेता आकाशात जातो, जेथे त्याची उष्णता धरून ठेवण्याची क्षमता कार्बन डाय-ऑक्साइडच्या सुमारे २७० पट भरते. म्हणजे ज्या उन्हाळ्यामुळे डिकीतील बाटलीची चकती फुटते, त्या उन्हाळ्याला बागेतला नायट्रस आपला खारीचा वाटा देत असतो.

एवढे सगळे असूनही कोणी तरुण हा संच मागवणारच नाही असे नव्हे, आणि त्याने तो वर सांगितल्याप्रमाणे डायरेक्ट करून घेतला तर पुढचा क्रम ठरलेला आहे. इंधनदाबाचा स्विच निघालेला असतो, एके दिवशी पेट्रोलचा पंप कमी पडतो, नायट्रस मात्र पूर्ण येत राहतो, मिश्रण कोरडे पडते, सिलिंडरातील उष्णता अ‍ॅल्युमिनियमला सोसत नाही आणि पिस्टनच्या माथ्याला बोटभर भोक पडते. पाण्याची मोटार जळाली तर ती स्कूटरवर आडवी टाकून रिवाइंडिंगवाल्याकडे नेता येते, तो तांब्याची तार नव्याने भरून दोन दिवसांत परत देतो व जळली कशी हे विचारत नाही, कारण ते त्याला ठाऊक असते आणि त्याचे दुकान त्यावरच चालते. पिस्टनला रिवाइंडिंग नाही. उस्ताद ते भोक उन्हात धरून एकदा आरपार पाहतो, पिस्टन ओट्यावर ठेवतो, हात कापडाला पुसतो आणि ‘कंपनी फॉल्ट शे’ असा निर्वाळा देऊन पुढच्या गाडीचा हॉर्न डायरेक्ट करायला घेतो.